आधी खोली, मग शिक्षिका

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ३१ वर्षांच्या. मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांत काम करणाऱ्या एका संस्थेत आठ वर्षं वस्ती कार्यकर्ती होत्या. एप्रिलमध्ये त्यांना प्रकल्प प्रमुख केलं. प्रकल्प असा: आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी १२ अभ्यासिका, मुदत मे ते पुढच्या वर्षीचा जुलै, म्हणजे १५ महिने. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून ४८ लाख रुपये, कार्यालयीन टीमचे पगार वेगळे. एका अभ्यासिकेला सुरुवातीचा खर्च ७५ हजार, डिपॉझिट ३० हजार, आणि भाडं, शिक्षिकेचं मानधन, वीज धरून महिन्याला २५ हजार. त्यांनी एक्सेलमध्ये साठ ओळींचा आराखडा केला, बाराही वस्त्यांत एकदम काम सुरू केलं, पहिल्याच महिन्यात आठ शिक्षिका नेमल्या. आता ऑगस्ट संपतोय. पहिली अभ्यासिका जूनच्या अखेरीस उघडली, दुसरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. बाकीच्या खोल्या मिळालेल्याच नाहीत. रिकाम्या शिक्षिकांना सर्वेक्षणाला लावलं, तिघी सोडून गेल्या. संचालक म्हणाले, "तुमचं वस्तीतलं काम उत्तम आहे, पण प्लॅनिंग शिका." त्या विचारतात: पीएमपीचा, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राचा, कोर्स करू का? की हे माझ्या स्वभावातच नाही असं समजून पुन्हा वस्तीतल्या कामाला जाऊ? आणि कंपनीला काय सांगू?

नमस्कार,

तुमच्या पत्रासोबत आलेला साठ ओळींचा तक्ता नीट पाहिला. 'प्लॅनिंग येत नाही' या निदानावर माझा विश्वास बसत नाही. तक्त्यात काम सुटलेलं नाही. पंख्याचे रेग्युलेटरसुद्धा लिहिलेत. पण कुठलं काम कशावर अडतं हे एकाही ओळीत नाही. सगळ्या कामांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख आहे, आणि प्रत्येक तारीख दुसरीपासून मोकळी आहे. म्हणजे ती कामांची यादी झाली. शिक्षिका मे महिन्यात आल्या आणि खोली ऑगस्टमध्येही नाही, हे त्या कागदावर दिसायची सोयच नव्हती.

आणखी एक गोष्ट. आराखडा करायच्या आधी प्रकल्प रचावा लागतो. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि तुमच्याकडे पहिली पायरी प्रस्तावातच उरकली गेली होती, तीही बहुधा दुसऱ्या कुणीतरी. '१२ अभ्यासिका सुरू करणे' हे तुम्ही उद्दिष्ट म्हणून लिहिलंय. अभ्यासिका सुरू झाल्याने कुणाचं काय बदलणार आहे? दहा बाय बाराच्या घरात सहा माणसं, टीव्ही चालू, म्हणून मुलांना रोज दोन तास बसायला जागा मिळावी, असा हेतू असेल तर मोजायची गोष्ट खोल्या नाहीत. मुलं सलग किती आठवडे बसली ते मोजायचं. हा फरक मी शब्दांचा कीस पाडायला सांगत नाहीये. पुढे कंपनीला काय सांगायचं ते सगळं यावर ठरतं, तेव्हा लक्षात ठेवा.

१९६९ साली अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी प्रकल्प एका तक्त्यात मांडायची एक चौकट तयार झाली. आपल्याकडच्या संस्था तिला लॉगफ्रेम म्हणतात, आणि प्रस्ताव भरताना बहुतेक जण ती शेवटच्या रात्री भरतात. तिच्यातला सगळ्यात उपयोगी रकाना उजवीकडचा शेवटचा असतो: गृहीतकं. तो तुमच्या प्रस्तावात 'समुदायाचे सहकार्य लाभेल' या एका वाक्यावर सुटलाय. त्या जागी खरी गृहीतकं लिहून बघा. आठ हजारांत दोनशे चौरस फुटांची, पाणी न गळणारी खोली या वस्तीत मिळते. घरमालक लेखी करार करायला तयार होतो. मुलींना संध्याकाळी सातनंतर घरचे पाठवतात. दहावीची मुलं क्लास सोडून किंवा क्लासनंतर इथे येतात. यातलं प्रत्येक वाक्य खोटं ठरू शकतं, आणि प्रत्येक वाक्य पैसे अडकवण्याआधी स्वस्तात तपासता येतं. मुलींचं गृहीतक तपासायला दोन आठवड्यांसाठी एखाद्या मंडळाची किंवा बालवाडीची खोली मागून घ्या, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात आणि सात ते नऊ अशा दोन वेळा ठेवून बघा, हजेरी लिहा. खर्च चहा-बिस्किटांचा.

आता मुख्य मुद्दा, अडकण्याचा.

एक अभ्यासिका घ्या, बारा नकोत. तुमच्या टीममधल्या चौघांना बोलवा, भिंतीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या घ्या. उजव्या टोकाला लिहा: 'अभ्यासिका चालू'. आणि चालू म्हणजे काय ते आधी ठरवा. उद्घाटन झालं म्हणजे चालू नव्हे. किल्ली आपल्या हातात, दिवे-पंखे सुरू, किमान २५ मुलांची नोंदणी, आणि सलग दहा दिवस पंधरापेक्षा जास्त हजेरी, इतकं झालं की चालू. मग त्या चिठ्ठीकडे बोट दाखवून विचारा, "याच्या आदल्या दिवशी काय काय हातात असायला हवं?" जे उत्तर येईल ते डावीकडे लावा. पुन्हा तोच प्रश्न. असं मागे मागे येत आजच्या दिवसापर्यंत या. सुरुवातीकडून मांडलं की 'हेही करू, तेही करू' असं होतं; शेवटाकडून मांडलं की नको असलेली कामं आपोआप गळतात. चिठ्ठीवर कामापेक्षा हाती येणारी वस्तू लिहिलेली बरी: 'नोंदणी झालेला करार', 'वायरिंग तपासलेली खोली', 'प्रशिक्षित शिक्षिका'. 'पाठपुरावा करणे' अशी चिठ्ठी कुणी लिहिली तर परत द्या. पाठपुरावा कधी संपतो ते कुणालाच सांगता येत नाही. एका चिठ्ठीचं काम एका माणसाला दोन आठवड्यांत पुरं करता येईल, इथपर्यंत तुकडे पाडा, त्याहून बारीक नको. रेग्युलेटर वायरमनच्या यादीत राहू देत.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून साखळी साधारण अशी दिसते, कामाच्या दिवसांत: खोली शोधणं २०, करार १९, वायरिंग-रंगकाम-ओल काढणं १२, रॅक-सतरंज्या-पुस्तकं ४. एकूण ५५ दिवस. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सव्वानऊ आठवडे. दुसरी साखळी शिक्षिकेची: शोधणं १८, प्रशिक्षण ६, एकूण २४. तिसरी मुलांची: खोली नक्की झाल्याशिवाय पालक नाव देत नाहीत ("कुठे आहे ते तर सांगा"), म्हणजे ३९व्या दिवसानंतर नोंदणीचे १० दिवस, एकूण ४९.

सगळ्यात लांब साखळी ५५ची. तिच्यातला एक दिवस हुकला की उद्घाटन एक दिवस पुढे. मुलांच्या साखळीला ६ दिवसांची ढील आहे. आणि शिक्षिकेच्या साखळीला ३१ दिवसांची! शिक्षिकेचा शोध ३१ दिवस उशिरा सुरू केला तरी काहीही बिघडत नाही. तुम्ही तो पहिल्या दिवशी सुरू केला, म्हणजे महिन्याभराचं मानधन आणि तीन चांगल्या बाया हातच्या गेल्या. बरं, इतकी ढील आहे म्हणून अगदी ३१व्या दिवसापर्यंत थांबूही नका. खोली ठरून कराराचं काम सुरू झालं की शोध सुरू करा, म्हणजे दहा-अकरा दिवस हाताशी राहतात. शिक्षिका आधी नेमण्यामागचा तुमचा विचार मला समजतो: माणूस मिळणं अवघड, खोली काय मिळेल. आठ वर्षं वस्तीत काम केल्यावर माणसांची काळजी आधी वाटणारच. पण मुंबईत अडतं ते जागेपाशी.

वर कराराला १९ दिवस कुठून आले, तेही सांगते, कारण अंदाज बांधणं ही शिकायची गोष्ट आहे. त्या कामाचे तीन आकडे लिहायचे: सगळं सुरळीत झालं तर ७ दिवस, नेहमीसारखं झालं तर १५, सगळं आडवं गेलं तर ४५. पहिला, मधल्याची चौपट आणि शेवटचा यांची बेरीज करून सहाने भागायचं: ७ अधिक ६० अधिक ४५, म्हणजे ११२, भागिले ६, साधारण १९. ही रीत १९५८च्या सुमाराला अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून आली, पण गोवंडीतल्या घरमालकालाही ती बरी लागू पडते. खरी कमाई उत्तराच्या १९मध्ये नाही. ७ आणि ४५मध्ये एवढं अंतर का, हा प्रश्न त्यामुळे पडतो, ती खरी कमाई. अंतर यासाठी की करार लिहायला तीन तास लागतात आणि मालक गावाहून यायला तीन आठवडे. भाडेकरार लेखी करून नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ने बंधनकारक आहे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. वस्तीतल्या मालकाकडे जागेची कागदपत्रं त्याच्या नावावर असतातच असं नाही. कधी खोली आईच्या नावावर, कधी भावाशी वाद. म्हणून खोली बघायला जातानाच पहिल्या भेटीत कागद बघा: जागा कुणाच्या नावावर आहे, वीजबिल कुणाच्या नावाने येतं, सहीला कोण येणार, ते मुंबईत असतात का. हे चार प्रश्न विचारले की ४५ दिवसांवाल्या खोल्या शोधाच्या टप्प्यातच गळतात. यादीत एक चिठ्ठी वाढली, पण साखळी आखूड झाली. आराखडा करण्याचा फायदा हाच असतो.

अंदाजाबद्दल आणखी एक. तुमच्या डोक्यातला आकडा नेहमी कमीच असणार. १९७९मध्ये डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हे मांडलं: आपण पुढच्या कामाचा अंदाज त्या कामाची गोष्ट मनात रंगवून बांधतो, मागे तशी कामं किती लांबली ते बघत नाही. तुमच्याकडे मागचा पुरावा आहे, दोन अभ्यासिकांचा. पहिलीला मेच्या सुरुवातीपासून आठ आठवडे लागले, दुसरीला तेरा, सरासरी साडेदहा. साखळी म्हणते सव्वानऊ. तिसरीचा शब्द देताना साडेदहा धरा. पहिल्या दोघींना 'अपवाद' म्हणायचा मोह होईल, पाऊस होता म्हणाल. पण दर वेळी काहीतरी असतंच.

एकाच दिवशी पाच गोष्टी जुळायच्या असतील तेव्हा तर फारच सावध. किल्ली, वायरिंग, सामान, शिक्षिका, नोंदणी. समजा प्रत्येक गोष्ट वेळेवर होण्याची शक्यता ८० टक्के आहे, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. पाचही एकदम वेळेवर होण्याची शक्यता किती? ०.८ पाच वेळा गुणा: ३३ टक्क्यांच्या आत. प्रत्येक ताई-दादा आपापल्या परीने चोख काम करत असताना उद्घाटन तिनातल्या दोन वेळा पुढे जाणार. यात कुणाचा दोष शोधू नका. पाहुण्यांना तारीख देताना शेवटची गोष्ट हातात येण्याच्या अपेक्षित दिवसापुढे एक आठवडा सोडा, एवढंच. कामांच्या मध्ये मात्र राखीव दिवस पेरू नका; ते खाल्ले जातात. सगळी राखीव साखळीच्या टोकाला ठेवा आणि ती किती उरली हे दर सोमवारी सगळ्यांना दिसू द्या.

दोन कामं जिथे एकमेकांना भिडतात ती जागा कुणाच्याच नावावर नसते. अंधेरीचा गोखले पूल आठवतो ना? नव्या पुलाची पहिली बाजू २६ फेब्रुवारी २०२४ला उघडली, आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल तिच्यापेक्षा दीड-दोन मीटर खाली राहिला होता. रेल्वेवरच्या पुलाची उंची वाढली, त्याला मिळणारा उड्डाणपूल जुन्याच उंचीवर. शेवटी तो हायड्रॉलिक जॅकने उचलून जोडावा लागला आणि जुलैमध्ये रस्ता सुरू झाला. दोन्ही पूल आपापल्या जागी ठीकच होते. तुमच्याकडे असे सांधे छोटे आहेत पण आहेत: शिक्षिकेचं प्रशिक्षण एकजण घेतो आणि पुस्तकं दुसरी मागवते, मग प्रशिक्षण एका पुस्तकावर आणि कपाटात दुसरंच. किंवा इंग्रजी-हिंदी-उर्दू माध्यमाची मुलं नोंदवली आणि पुस्तकं फक्त मराठीतली. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांना जोडणाऱ्या प्रत्येक रेघेवर एक नाव लिहा: इकडचं तिकडे पोहोचलं की नाही, हे कोण बघणार. एकच नाव. 'टीम' असं लिहिलेलं चालणार नाही.

आता बारा एकदम करण्याविषयी. तुम्हाला वाटलं की बारा वस्त्यांत एकदम काम सुरू केलं तर बारा लवकर होतील. खोली शोधणारे तुमच्याकडे दोघं आहेत. प्रत्येक वस्तीला आठवड्यातून अर्धा दिवस मिळाला, कुठल्याच दलालाशी, मंडळाशी किंवा मालकाशी बोलणं पुढे सरकलं नाही. दोघांना एका वेळी तीनच खोल्या द्या. त्या सहीपर्यंत आल्या की पुढच्या तीन. तिघींची एक तुकडी झाली की पुढची सुरू करण्याआधी अर्धा दिवस बसा आणि साखळीतले दिवस दुरुस्त करा: दुसऱ्या तुकडीला वायरिंगचे १२ दिवस लागतील की ८?

आणि पंचांग काढा, छापील कॅलेंडर, भिंतीवरच्या चिठ्ठ्यांच्या वरच टांगा. मुंबईत मान्सून सरासरीने ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. तुमच्या तक्त्यात रंगकाम आणि भिंतींची ओल काढणं जुलैत होतं. पत्र्याच्या खोलीत जुलैत लावलेला रंग ऑगस्टमध्ये पापुद्र्याने निघतो, ते तुम्ही पाहिलंच. गणपतीत मंडळाच्या खोल्या मिळत नाहीत, घरमालक गावी असतो. दिवाळीचा आठवडा गेला. रमजानमध्ये तुमच्या निम्म्या वस्त्यांत संध्याकाळच्या वेळा बदलाव्या लागतील. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्यात मुलं गावी. निवडणूक लागली तर आचारसंहितेत पालिकेच्या शाळेची किंवा समाजमंदिराची परवानगी अडकते. हे सगळं आधीपासून माहीत असलेलं आहे, याला जोखीमसुद्धा म्हणता येत नाही.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर असं दिसतं. सप्टेंबरात पहिली तुकडी सुरू केली तर सणांसकट नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तीन अभ्यासिका चालू होतील. दुसरी तुकडी जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे आठ. उरलेल्या चार लगेच घेतल्या तर मार्चच्या मध्यावर उघडतील, तेव्हा दहावीची परीक्षा संपत आलेली असेल आणि महिन्याभरात सुट्ट्या लागतील. कागदावर बारा पूर्ण, वर्षभर अभ्यास केलेली मुलं नाहीत. म्हणून मघाशी विचारलं होतं, काय मोजणार?

माझ्या मते या चार जाणूनबुजून पुढे ढकला. खोल्या मार्च-एप्रिलमध्ये शोधा, करार एप्रिल-मेमध्ये, रंग-वायरिंग पावसाच्या आधी मेअखेर, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडते त्याच आठवड्यात अभ्यासिका उघडा. त्यासाठी मुदत जुलैऐवजी नोव्हेंबरपर्यंत मागावी लागेल. पैसे? मूळ हिशेबात बारा अभ्यासिका बारा महिने, दरमहा २५ हजार, म्हणजे ३६ लाख. सुरुवातीचे ९ लाख. डिपॉझिटचे ३ लाख ६० हजार. बेरीज ४८ लाख ६० हजार. मंजूर ४८ लाख. म्हणजे प्रस्ताव मंजूर झाला त्याच दिवशी तो साठ हजारांनी तुटीत होता, आणि अडीअडचणीला एक रुपया ठेवलेला नव्हता. संचालकांना हे शांतपणे दाखवा. प्रस्तावातला तो हिशेब तुम्ही केलेला नाही. नव्या वेळापत्रकात सप्टेंबर ते जुलै असे, दोन अभ्यासिका ११ महिने, तीन साडेआठ महिने, तीन साडेसहा महिने आणि चार दीड महिना, मिळून ७३ अभ्यासिका-महिने होतात, म्हणजे सव्वाअठरा लाख. सुरुवातीचा खर्च आणि डिपॉझिट मिळवले तरी ३१ लाखांच्या आत. आजवर गेलेलं मानधन, भाडं वगैरे वजा केल्यावर माझ्या अंदाजाने १५ लाखांच्या आसपास उरावेत (खरा आकडा हिशेबनिसांकडून घ्या). बारा अभ्यासिकांचा महिना ३ लाखांचा. तीन लाख राखीव ठेवूनही चार महिने निघतात, ऑगस्ट ते नोव्हेंबर. कंपनीकडे जास्तीचा पैसा मागायचा नाही, फक्त वेळ मागायचा आहे. डिपॉझिट हा खर्च नव्हे, ते परत येतं, म्हणून हिशेबात वेगळ्या ओळीवर दाखवा. नाहीतर शेवटी आलेले ३ लाख ६० हजार कुठे टाकायचे यावर लेखापरीक्षक अडतो.

कंपनीला हे कधी सांगायचं? आत्ता, सप्टेंबरात. तुम्ही लिहिता की आणखी दोन-तीन अभ्यासिका होऊ देत, मग तोंड दाखवते. तसं करू नका, आणि यामागे एक रुक्ष कारण आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५खाली चालू प्रकल्पाचे जे पैसे ३१ मार्चला न वापरलेले राहतात, ते कंपनीला ३० दिवसांच्या आत त्यासाठीच्या वेगळ्या बँक खात्यात टाकावे लागतात आणि तीन आर्थिक वर्षांत खर्चावे लागतात. त्यासाठी त्यांच्या संचालक मंडळाकडे कागद फिरतो. प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो 'चालू' राहू शकतो, तेव्हा नोव्हेंबरपर्यंतची मुदत कायद्यात सहज बसते. पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सांगितलंत तर सीएसआर अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही, आणि चिडतो तो त्याच्यासाठी. मीटिंगला दोनच पर्याय घेऊन जा, एका पानावर: मार्चपर्यंत बारा, किंवा जानेवारीपर्यंत आठ आणि शाळा उघडताना चार. प्रत्येकाखाली एकच आकडा, मुलांना मिळणारे अभ्यासाचे महिने. तुमची शिफारस कुठली ते स्पष्ट लिहा. 'आपण ठरवाल तसं' म्हणू नका.

तिथे जाण्याआधी टीमबरोबर एक तास काढा. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी सुचवलेली रीत आहे: असं समजायचं की पुढचा नोव्हेंबर उजाडलाय आणि प्रकल्प पार फसलाय. का फसला, ते प्रत्येकाने पाच मिनिटं गप्प बसून लिहायचं, मग एकेक वाचायचं. 'काय अडचण येऊ शकते?' असं विचारलं की लोक सभ्यपणे गप्प बसतात. 'फसलाय, कारण सांगा' म्हटलं की बोलतात, विशेषतः कनिष्ठ. जे निघेल त्यातली सात-आठच निवडा, आणि प्रत्येकासमोर लिहा: हे येऊ लागलं हे कशावरून ओळखायचं, लक्ष कोण ठेवणार, तेव्हा काय करायचं. उदाहरणार्थ, 'शिक्षिका सोडून जाते'. खूण: सलग दोन आठवडे उशिरा येते. लक्ष: समन्वयक ताई. उपाय: शेजारच्या अभ्यासिकेतली मदतनीस आधीपासून प्रशिक्षित ठेवणं. चाळीस ओळींची जोखीम-यादी करणारेही असतात. ती कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही.

रोजच्या चालवण्याबद्दल थोडक्यात. दर सोमवारी अर्धा तास, उभ्याने. पुढच्या दोन आठवड्यांत कुठल्या चिठ्ठ्या हाती येणार, हे ज्याचं काम त्यानेच सांगायचं. मागच्या सोमवारी दिलेला शब्द पाळला गेला का, उत्तर फक्त हो किंवा नाही. 'नव्वद टक्के झालंय' हे उत्तर नाही समजायचं. शेवटच्या दहा टक्क्यांत मालकाची सही असते. नाही असेल तर कारण एका शब्दात लिहा: मालक, वायरमन, पैसे, परवानगी, आपण. दोन महिन्यांनी कुठला शब्द सगळ्यात जास्त वेळा आलाय ते बघा. आणि मूळ आराखड्याची एक प्रत 'मूळ' नाव देऊन बंद करून ठेवा. बदल दुसऱ्या प्रतीत करा. तुम्ही एकाच फाइलमध्ये तारखा खोडत गेलात, त्यामुळे कुठलं काम किती सरकलं हे आज तुम्हालाही सांगता येत नाही. तारीख बदलणं अपराध नाही.

कोर्सविषयी विचारलंत. पीएमपीच्या परीक्षेला बसायला पदवीधरांना किमान ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. तुमचे पाच महिने होतायत. परीक्षा द्यायचीच असेल तर पीएमपी घेणाऱ्या संस्थेचीच कॅपम ही सुरुवातीची परीक्षा आहे, तिला २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. तिच्यातून परिभाषा येते आणि कंपन्यांच्या लोकांशी बोलताना अडखळायला होत नाही, म्हणून ती वाया जात नाही. पण खोली आधी की शिक्षिका, हे ती सांगणार नाही. त्याआधी दोन गोष्टी फुकट करा. एक, संस्थेच्या कपाटातून संपलेल्या दोन प्रकल्पांचे मूळ प्रस्ताव आणि अंतिम अहवाल काढा, शेजारी ठेवा, काय ठरलं होतं आणि काय झालं ते ओळीने वाचा, मग तो प्रकल्प चालवलेल्या माणसाला चहा पाजा. अहवालात न लिहिलेलंच जास्त कळेल. दोन, दर सोमवारी त्या आठवड्यातल्या पाच कामांना किती दिवस लागतील ते वहीत लिहा आणि झाल्यावर खरे दिवस शेजारी लिहा. आठ आठवड्यांत चाळीस जोड्या होतात. तुमचे १० दिवस प्रत्यक्षात १६ होत असतील तर तुमचा गुणक १.६. तो घालून पुढचा अंदाज द्या. चौघांनाही अशाच वह्या द्या; प्रत्येकाचा गुणक वेगळा निघतो आणि त्यावरून कुणालाही बोलायचं नाही, हे आधीच सांगून टाका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, परत वस्तीत जायचं का. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की खोल्या बघायला, वायरमनला गाठायला, पालकसभा घ्यायला अजूनही तुम्हीच जाता, आणि आराखडा रात्री घरी करता. स्वभावाचा निर्णय इतक्यात नको. आधी संचालकांकडून एक पान लिहून घ्या: किती रुपयांपर्यंतचा खर्च तुम्ही न विचारता करू शकता, भाडं किती वाढवून द्यायचं ते कोण ठरवणार, माणूस नेमायचा-काढायचा अधिकार कुणाचा. तीन हजारांच्या मोटरसाठी तीन सह्या लागत असतील तर जगातल्या कुठल्याही आराखड्याला त्या कार्यालयात वेळ पाळता येणार नाही. मग आठवड्यातली एक पूर्ण सकाळ, म्हणजे चार तास, फक्त भिंतीसमोर घालवा, फोन बंद करून. नोव्हेंबरपर्यंत असं करून बघा. तोवर पहिली तुकडी झालेली असेल आणि वहीत चाळीस जोड्याही असतील. तरीही ती सकाळ शिक्षा वाटत असेल, आणि वस्तीतली पालकसभा सोडवत नसेल, तर संचालकांना तसं सांगा आणि मुख्य वस्ती समन्वयक हे पद मागा. अशा माणसाची गरज या प्रकल्पाला तशीही आहे. सोडून गेलेल्या तीन शिक्षिकांना मात्र आत्ताच फोन करा. नोव्हेंबरच्या खोल्यांसाठी त्यांना ऑक्टोबरच्या मध्यापासून पगारी प्रशिक्षण द्यायचं आहे, एवढं आत्ता सांगा; नक्की तारीख मात्र या वेळी करारावर सही झाल्यानंतरच सांगा.